कावड कोणाची?

कुत्र्याचा कान वाहू लागणे ही काही तत्त्वचिंतनाची वस्तू नव्हे, असे कोणालाही प्रथमदर्शनी वाटेल. घरातले कुत्रे सारखी मान झटकते, पायाने कान खाजवते, जवळ घेतले की आंबूस वास येतो. आपण त्याला पशुवैद्याकडे नेतो, थेंबांची एक बाटली घेऊन येतो आणि आठ-दहा दिवसांत सारे विसरून जातो. यात नीती-अनीतीचा प्रश्न आला कोठून? परंतु या साध्या दुखण्याविषयी आणि त्यावरील औषधांविषयी जे जे कळत गेले आहे ते एकत्र ठेवून पाहिले, तर त्या बाटलीत दयेविषयीचा एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे असे मला वाटते. दया करणाऱ्याने जे द्यायचे ते त्याचे स्वतःचे असावे लागते काय, हा तो प्रश्न.

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कानाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचा सारा विचार त्या कानाच्या घडणीवर उभा आहे. माणसाच्या कानाची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग वळण घेऊन आडवी होत पडद्याकडे जाते. इंग्रजी ‘एल’ अक्षर डोळ्यांपुढे आणले की तिची कल्पना येते. आत गेलेले पाणी आणि साचलेला मळ या वळणामुळे सहजी बाहेर पडत नाही. त्यातून कॉकर स्पॅनियलसारख्या जातींचे कान लोंबते, जड आणि मळ स्रवणाऱ्या ग्रंथींनी भरलेले. त्यांना वारा लागत नाही. ऊब, ओल आणि अंधार या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे काय वाढते हे पावसाळ्यात बंद पेटी उघडणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

तरीही जिवाणू हे येथे बहुधा मूळ चोर नसतात. दार उघडे राहिले म्हणून ते आत शिरलेले असतात. दार उघडणारे कारण निराळेच असते. पुष्कळ कुत्र्यांच्या बाबतीत ते कारण म्हणजे घरातली धूळ, परागकण किंवा एखादे अन्न अंगी न लागणे, ज्याला आपण सरसकट ‘ॲलर्जी’ म्हणतो. कधी गवताचे एखादे कुसळ कानात शिरून बसलेले असते. मांजरांत, विशेषतः पिलांत, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे गोचिडांच्या दूरच्या नात्यातले जीव कानात घर करतात आणि कान कॉफीच्या भुकटीसारख्या काळपट मळाने भरतो. त्या मांजराला हवे असते त्या जिवांना मारणारे औषध. जिवाणूनाशक औषधाने त्याच्या मूळ दुखण्याला काडीचाही उतार पडत नाही. तरी ते दिले जाते, कारण कान खराब दिसला की थेंब घालायचे ही सवय दिसण्यावर चालते, पाहण्यावर नाही.

मूळ कारण तसेच राहिले की दुखणे परत परत येते. दर खेपेला नळीची त्वचा थोडी जाड होते, वाट अरुंद होते, औषध आत पोचणे कठीण होत जाते. पहिल्या-दुसऱ्या खेपेला तेथे गोल आकाराचे साधे जिवाणू आणि त्वचेवर एरवीही राहणारी यीस्टजातीची बुरशी सापडते. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर कित्येकदा ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ नावाचा दांडीसारखा जिवाणू मुक्काम ठोकतो. हा मूळचा मातीतला आणि पाण्यातला रहिवासी. याच्या अंगावरचे आवरण औषधाला लवकर आत येऊ देत नाही. आत आलेले औषध बाहेर फेकण्याची सोय त्याच्याकडे असते. आणि भोवती चिकट थर विणून त्याच्या आड राहण्याची कलाही त्याला अवगत असते. कुत्र्याच्या त्वचेवर नेहमी राहणारा दुसरा एक जिवाणू, ‘स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस’, 2005 साली स्वतंत्र जाती म्हणून ओळखला गेला. आज त्याचे असे वाण जगभर आढळतात की कुत्र्यांसाठी वापरात असलेल्या जवळजवळ कोणत्याही गोळीला ते दाद देत नाहीत.

‘दाद देत नाहीत’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग येथे नेमका लागू पडतो. औषध हे जिवाणूंना शिकवत नाही, ते निवड करते. शंभरांतल्या अठ्ठ्याण्णवांना मारते आणि जे दोन आधीच निबर होते त्यांना मोकळे रान मिळवून देते. शिवाय जिवाणूंच्या जगात जातपात फारशी पाळली जात नाही. औषध पचवण्याचे गुण एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे सर्रास दिले-घेतले जातात. 2015 साली चीनमधून प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने सारे वैद्यकविश्व हादरले ते यामुळेच. कोलिस्टिन हे अखेरचा उपाय म्हणून राखलेले औषध निष्प्रभ करणारे जनुक हातोहात पसरू शकते, असे त्यात दिसून आले आणि ते जनुक प्राण्यांत, मांसात व रुग्णांत, तिन्ही ठिकाणी सापडले. याच कोलिस्टिनचे सख्खे भावंड, पॉलिमिक्सिन बी, कुत्र्यांच्या कानांत घालायच्या थेंबांत वर्षानुवर्षे वापरले जात आहे.

कुत्र्याचा कान आणि माणसाचा दवाखाना यांच्यातले अंतर किती कमी आहे हे 2023 साली अमेरिकेत दिसले. डोळ्यांत घालायच्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांतून तेथे एका अतिशय निबर स्यूडोमोनासची साथ पसरली. ते थेंब चेन्नईजवळ तयार झालेले होते. 18 राज्यांत मिळून 81 रुग्ण नोंदले गेले, चौघांचा मृत्यू झाला, कित्येकांची दृष्टी गेली. त्याच वर्षी हाच वाण दोन कुत्र्यांत सापडला. दोन्ही कुत्री एकाच मालकाची. त्यांतल्या एकाचा कान बरेच दिवस बरा होत नव्हता. माणसासाठी केलेल्या बाटलीतला जिवाणू कुत्र्याच्या कानापर्यंत कसा पोचला असेल ते असो. येथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की आपण ज्यांना दोन जगे मानतो ती जिवाणूच्या दृष्टीने एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. कुत्र्याकडून माणसाला असे जिवाणू जाऊन मोठा अपाय झाल्याची उदाहरणे थोडीच आहेत हेही सांगितले पाहिजे. उलट रुग्णालयांतला कुप्रसिद्ध स्टॅफिलोकॉकस बहुधा माणसाकडूनच कुत्र्या-मांजरांकडे जातो. दोष कोणाचा हे ठरवायला बसलो तर मुके जनावर निर्दोष सुटेल यात शंका नाही.

पण दोष आणि दायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना जे भाषण केले, त्यात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली आहे. गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुऱ्या मात्रेत घेतो. त्याच्या घशातले जिवाणू मरत नाहीत, निबर मात्र होतात. ते त्याच्या पत्नीकडे जातात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिनचा उपयोग होत नाही आणि ती दगावते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंग विचारतात आणि त्या गृहस्थाकडे बोट दाखवतात. ज्या औषधाचा जयजयकार चालू होता त्याच औषधाच्या सत्कारसमारंभात त्याच्या मरणाची गोष्ट सांगण्याचे धैर्य मला फार मोलाचे वाटते. परंतु गोष्ट म्हणून तिच्यात एक सोय आहे. मरणारी व्यक्ती त्या गृहस्थाच्याच घरातली आहे. कर्म आणि फळ एका छपराखाली आहेत. खऱ्या आयुष्यात ती साखळी लांब, अंधूक आणि शेकडो हातांतून गेलेली असते. आपल्या घरातल्या बाटलीचे फळ कोणत्या गावातल्या कोणत्या बाळंतिणीच्या वाट्याला आले हे कोणालाच कधी कळणार नाही. एकट्या 2019 या वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात 12 लाख 70 हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज 2022 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या प्रत्येकाच्या मागे फ्लेमिंग यांचा एकच गृहस्थ उभा नाही. आपण सारे तेथे थोडे थोडे उभे आहोत.

आता दयेकडे येतो. प्राण्याविषयीच्या करुणेची शिकवण आपल्याला परदेशातून आणावी लागली नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी एकनाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. महाप्रस्थानाच्या अखेरीस युधिष्ठिराने आपल्यामागे आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले. आणि शिबी राजाने कबुतराच्या वजनाइतके आपले मांस तोडून दिले. या कथा सांगून आपण सहज म्हणतो की प्राण्यासाठी काहीही करावे, हिशेब पाहू नये.

मात्र या चारही कथा जरा थांबून पाहाव्यात. नामदेवांनी तुपाची वाटी नेली ती आपल्या ताटातली. युधिष्ठिराने सोडला तो स्वतःचा स्वर्ग. भाऊ आणि द्रौपदी वाटेतच पडलेले होते, त्याच्या निर्णयाने दुसऱ्या कोणाचा स्वर्ग हुकणार नव्हता. नाथांच्या बरोबर इतर यात्रेकरू होते आणि त्यांच्याही खांद्यांवर कावडी होत्या. नाथांनी रिकामी केली ती स्वतःची कावड. शेजारच्याची कावड हिसकावून त्यांनी गाढवाच्या तोंडात ओतली असती, तर ती कथा आपण आज कोणत्या सुरात सांगितली असती?

शिबीची कथा तर याहून सूक्ष्म आहे. तिच्यातला ससाणा दुष्ट नाही. तो भुकेला आहे आणि राजाला विचारतो, की कबुतराला अभय देताना तू माझ्या तोंडचा घास काढून घेतोस, माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांनी काय करावे? हा प्रश्न राजा उडवून लावत नाही. एकावर केलेली दया दुसऱ्यावरचा अन्याय ठरू शकते हे त्याला मान्य आहे, म्हणूनच तो तराजू मागवतो आणि दुसऱ्या पारड्यात स्वतःला घालतो. आपल्या बाबतीतला ससाणा म्हणजे पुढे कधीतरी आजारी पडणारा माणूस, आणि पुढे कधीतरी आजारी पडणारे कुत्रेसुद्धा. फरक इतकाच की शिबीचा ससाणा समोर येऊन बोलला. आपला ससाणा अजून जन्मालाही आलेला नसेल. जो समोर कण्हतो आहे त्याच्यापुढे जो अजून आलाच नाही त्याची बाजू मांडणारे कोणी नसते.

येथे कोणी म्हणेल, औषध मी दुकानातून पैसे मोजून आणले. ते माझे नाही तर कोणाचे? याचे उत्तर आपल्या बोलीतच आहे. आपण म्हणतो, अमक्या औषधाचा गुण आला. बाटली माझी, तिच्यातला द्रव माझा. पण तो गुण माझा नाही. वेदनाशामक गोळी मी घेतली म्हणून शेजाऱ्याच्या गोळीचा गुण कमी होत नाही. मधुमेहाचे औषध लाखो लोक रोज घेतात, तरी ते उद्या जन्मणाऱ्याला तितकेच लागू पडेल. जिवाणूंवरील औषधे मात्र निराळी. मी ती वापरली की सर्वांसाठीच्या तिच्या गुणातून एक कण खर्ची पडतो. वैद्यकाच्या सगळ्या भांडारात अशी वस्तू बहुधा हीच. विकत घेता येणारी, पण पूर्णपणे स्वतःच्या मालकीची न होणारी.

म्हणजे गुण हे गायरान आहे. 1968 साली गॅरेट हार्डिन यांनी लिहिले की सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर जास्त चारू पाहतो आणि अखेर कुरण उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या गावांचा अभ्यास करून दाखवले की असे होतेच असे नाही. गावकरी एकत्र बसून नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला जाब विचारतात आणि कुरणे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मला ऑस्ट्रॉम यांचे म्हणणे अधिक पटते, पण या गायरानाची अडचण अशी की त्याचे निम्मे वाटेकरी गावसभेला येऊ शकत नाहीत. न जन्मलेले येऊ शकत नाहीत आणि जनावरे तर नाहीतच.

युरोपात 2021 साली अशी एक गावसभा खरोखर भरली होती. प्राण्यांच्या औषधांविषयी नवा कायदा जानेवारी 2022 पासून लागू व्हायचा होता आणि माणसांसाठी कोणती औषधे राखून ठेवावीत याचे निकष ठरत होते. ते निकष फार सैल आहेत, अधिक औषधे राखून ठेवा, असा ठराव युरोपीय संसदेपुढे आला. त्यावर पशुवैद्य खवळून उठले. ठराव मान्य झाला तर कुत्र्या-मांजरांच्या कितीतरी दुखण्यांवर हाती काहीच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. जर्मनीत दवाखान्यांतून प्राणिपालकांच्या लाखो सह्या गोळा झाल्या. सप्टेंबरात संसदेने तो ठराव फेटाळला. पुढे 2022 मध्ये जी यादी आली तिच्यात कार्बापेनेम, व्हँकोमायसिनचा गट, लिनेझोलिडचा गट अशी अगदी अखेरची औषधे माणसांसाठी राखली गेली. कानांच्या थेंबांत नेहमी लागणारी औषधे राखीव यादीत आली नाहीत. मला ही तडजोड एकंदरीत शहाणपणाची वाटते. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु जनावराला गायरानातून पार हाकलून देणे हा न्याय नव्हे. तेही वाटेकरी आहे. कान सडल्याची वेदना त्यालाही तेवढीच होते.

तेवढेच नाही. कुत्र्याच्या या दुखण्यात माणसाचे एक जुने देणे आहे. लोंबते कान, दबकी नाके, सुरकुतलेली कातडी, चिंचोळ्या झालेल्या नळ्या हे निसर्गाने मागून घेतलेले नाही. आपल्याला गोजिरे दिसावे म्हणून आपणच पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून ते घडवले. ज्या कानाला वारा लागत नाही तो कान आपला उद्योग आहे. तेव्हा त्या कानाचे ऋण आपल्यावर आहे यात वाद नाही. वाद आहे तो ऋण कोणत्या थैलीतून फेडावे याबद्दल. स्वतःचे कर्ज सामाईक थैलीतून फेडणाऱ्याला आपण एरवी चांगले नाव देत नाही.

एक आक्षेप फार वेळा ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. कोंबड्यांच्या खाद्यात, माणसांच्या सर्दी-पडशात औषधांची एवढी उधळण चालू असताना कुत्र्याच्या कानातल्या चार थेंबांचा हिशेब कसला मांडता? उधळण खरी आहे. भारत सरकारने 2019 च्या जुलैत कोलिस्टिन कोंबड्या व इतर खाद्यप्राण्यांसाठी बंद केले ते ही उधळण पाहूनच. मात्र हा युक्तिवाद प्रत्येकाला उपलब्ध आहे, हीच त्यातली मेख. सर्दीवर गोळी मागणारा माणूस कोंबड्यांकडे बोट दाखवतो, कोंबड्यांचा व्यापारी दवाखान्यांकडे, आणि आपण त्या दोघांकडे. आपल्या ताब्यात जी एक बाटली आहे तिच्याविषयी विचार करायला दुसऱ्याची पिंपे रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि येथेच या दुखण्याची खरी गंमत आहे. कुत्र्याचा कान विरुद्ध माणसाचा जीव असा जो झगडा आपण रंगवतो तो प्रत्यक्षात क्वचितच उद्भवतो. बहुतेक वेळा झगडा असतो तो जालीम औषध आणि आपले कष्ट यांच्यात. कानातला मळ कापसाच्या बोळ्यावर घेऊन काचपट्टीवर लावला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की काही मिनिटांत कळते: गोल जिवाणू आहेत, दांडीसारखे आहेत की भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसणारी बुरशी आहे. नुसती बुरशी असेल तर जिवाणूंवरचे औषध हवेच कशाला? पण त्या काही मिनिटांचे आणि त्या काचपट्टीचे पैसे पडतात, मालक घाईत असतो, आणि तिन्ही शत्रूंना एकदम मारणारी मिश्र बाटली समोर असते. कान नीट धुणे हे तर निम्मे औषध आहे. जेंटामायसिन आणि पॉलिमिक्सिन यांसारखी औषधे पुवात निकामी होतात. मळाने बुजलेल्या नळीत वरून थेंब सोडणे म्हणजे तुंबलेल्या मोरीवर अत्तर शिंपडणे. उलटपक्षी धुतलेल्या कानात थेंबांतून औषधाचे जे प्रमाण पोचते ते गोळीने रक्तात चढणाऱ्या प्रमाणाच्या शेकडो पट असते. त्यामुळे तपासणीच्या अहवालावर ‘दाद देत नाही’ असा शेरा असलेला जिवाणूही पुष्कळदा साध्या थेंबांनी हटतो, कारण तो शेरा रक्तातल्या प्रमाणावरून दिलेला असतो. सौम्य केलेल्या ॲसेटिक आम्लापुढे, म्हणजे सिरक्यातल्या आंबटपणापुढे, स्यूडोमोनाससारखा उन्मत्तही नमतो. (हे वाचून कोणी स्वयंपाकघरातली बाटली उचलू नये. पडदा फाटलेला असेल तर कानात काय घालावे हे पडदा पाहिलेल्या पशुवैद्यालाच कळते, आणि याच कारणासाठी मागच्या वर्षीची उरलेली बाटलीही वापरायची नसते.)

मूळ कारण शोधणे याहून कष्टाचे. अन्नाची ॲलर्जी आहे काय हे पाहायचे तर सुमारे आठ आठवडे ठरलेल्या अन्नाखेरीज दुसरे काही तोंडात जाऊ द्यायचे नाही. बिस्किट नाही, आजोबांच्या ताटातली पोळीची कड नाही. एकत्र कुटुंबात हे व्रत मोडण्यास एक प्रेमळ माणूस पुरतो. मांजराच्या बाबतीत आपल्या कष्टांचा मोबदला औषधाने कसा भरून काढला जातो याचे उदाहरण तर बोलके आहे. मांजराला गोळी घालणे हे किती जिकिरीचे ते मांजरवाले जाणतात. सेफोव्हेसिन नावाचे एक इंजेक्शन 2006 च्या सुमारास युरोपात आणि नंतर अमेरिकेत आले. एकदा टोचले की त्याचा प्रभाव दोन आठवडे टिकतो. ते अत्यंत लोकप्रिय झाले. ते ज्या गटातले आहे तो गट माणसाच्या गंभीर आजारांत कळीचा मानला जातो. मांजराच्या नखांपासून माणसाचे हात वाचावेत म्हणून हा खर्च होतो, असे म्हटले तर ते थोडे कठोर होईल, कारण गोळी अर्ध्यावर सुटण्यापेक्षा इंजेक्शन बरे असेही प्रसंग असतात. पण पुष्कळ प्रसंगी ते कठोर विधान खरेच असते.

नाथांची कावड येथे मला पुन्हा आठवते. कान धुणे, तपासणीचे पैसे भरणे, आठ आठवडे पथ्य सांभाळणे, पुन्हा दाखवायला नेणे ही आपली कावड आहे. ती खांद्यावर तशीच ठेवून आपण दुसऱ्याची उचलतो आणि तिला दया म्हणतो.

तरीही सगळे सांगून झाल्यावर एक प्रसंग उरतो. धुणे झाले, तपासण्या झाल्या, थेंब बदलून झाले. नळी दगडासारखी कडक झाली, पडद्याच्या आतल्या पोकळीत पू झाला, आणि अहवालात एकच ओळ उरली: कार्बापेनेम. समोर वेदनेने मान तिरपी धरलेले कुत्रे. अशा वेळी काय करावे? माझे मत असे की कानासाठी ते औषध मागू नये आणि देऊ नये, मग कायद्याची आडकाठी असो वा नसो. असे म्हणण्याचा अधिकार मला एवढ्याचसाठी आहे की कानाच्या बाबतीत दुसरी वाट उपलब्ध आहे. शस्त्रक्रिया करून कानाची सबंध नळी काढून टाकतात आणि आतली पोकळी स्वच्छ करतात. बाहेरची पाळी तशीच राहते. ऐकू येणे त्या बाजूने बरेचसे जाते, चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होण्याची भीती असते, शस्त्रक्रिया अवघड आहे. मात्र वर्षानुवर्षांची वेदना थांबते, आणि खेळेनासे झालेले जनावर पुन्हा खेळू लागल्याचे पालक सांगतात. रक्तात विष भिनून मरणाच्या दारात असलेल्या प्राण्यापुढे अशी दुसरी वाट नसते. त्याचा निवाडा मी या लेखात करणार नाही. तो प्रश्न कानाच्या प्रश्नाहून फार जड आहे.

या मतावर एक प्रश्न मात्र मला चुकवता येत नाही. ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी होते आणि तिचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. काचपट्टीची तपासणीसुद्धा पुष्कळांना जड जाते. मग मी सांगतो ती नीती पैसेवाल्यांची झाली. रिक्षा चालवणाऱ्याने आपल्या मोत्याला काय सांगावे? दुसऱ्याची कावड उचलू नकोस हे ज्याला स्वतःची कावडच नाही त्याला सांगणे सोपे नाही. याचे मला सुचणारे उत्तर गायरानाच्या न्यायानेच जाते. त्या माणसाने जालीम औषध न वापरल्यामुळे जो गुण शिल्लक राहतो तो त्याच्या एकट्याच्या वाट्याचा नाही, तो सबंध गावाचा आहे. मग तपासणीचा आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रियेचा भारही एकट्या त्याच्यावर का? सरकारी पशुचिकित्सालये पुष्कळ तालुक्यांत आहेतच. तेथे एक सूक्ष्मदर्शक, रंगाच्या दोन-तीन बाटल्या आणि काचपट्टी पाहायला शिकलेला एक माणूस नेमून कान वाहणाऱ्या प्रत्येक जनावराची तपासणी विनामूल्य करायची ठरवली, तर तो खर्च भूतदयेच्या खात्यावर टाकण्याचे कारण नाही. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ज्या खात्यावर पडतात, त्याच खात्यावर तो टाकता येईल.